चेकरबाईचं बावखल

दोन हजार अठरा साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या साली पहिल्यांदा कोणीतरी माझ्याच ओटीवर बसून माझ्याच घरच्या कपाची कड अंगठ्याने चाचपून पाहिली. चहा ओठाला लावायच्या आधी बाईने अंगठा कपाच्या कडेवरून गोल फिरवला, एका जागी थांबली, पुन्हा मागे आली आणि कप खाली ठेवून म्हणाली, "इथे टवका उडालाय. माल परत."

आमची मंडळी ओशाळून आत गेली आणि दुसरा कप घेऊन आली. मला राग आला. मी म्हटलं, "बाई, चहा प्यायचाय की कप विकत घ्यायचाय?"

"नाना, ओठ कापला असता तर तुम्हीच म्हणाला असता, आधी बघायचं नाही का?" एवढं बोलून दुसऱ्या कपाचीही कड तिने तपासली. मग चहा प्याली. वर म्हणाली, "साखर पास."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी सुटते पण नोकरी हातातून जात नाही. ही बाई वालीवला एका कारखान्यात बावीस वर्षं चेकर होती. तिथे बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची. झाकणाची कड कुठे टोचते का, कुठे जास्तीचं प्लास्टिक राहिलंय का, ते अंगठ्याने बघायचं आणि खराब झाकण बाजूच्या टोपलीत टाकायचं, हे तिचं काम. बावीस वर्षांत अंगठ्याची कातडी अशी गुळगुळीत झाली होती की आधार कार्डाच्या मशीनवर तिचा ठसाच उठेना. ते ती हसत सांगायची. "सरकारच्या हिशेबी मला अंगठाच नाही, नाना."

आमच्या आळीत सगळे तिला चेकरबाई म्हणायचे. तिचं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते इथे लिहीत नाही. एका कागदावर माझं नाव तिच्या विरुद्ध बसलं. त्यानंतर तिचं नाव लिहायचा हक्क मला राहिला नाही, असं मला वाटतं.

माझं शिक्षण दुसरी. वाडीत रहाटाचा बैल हाकायला माणूस हवा म्हणून बापाने शाळेतून काढलं, ते कायमचं. पुढे केळी आणि मोगरा यावर मी घर चालवलं, पोरींची लग्नं केली, कुणापुढे हात पसरला नाही. वाचता मला येतं, पण एकेक अक्षर जोडत. दुकानाची पाटी वाचतो, कॅलेंडरवरची अमावास्या वाचतो. हाताने लिहिलेला कागद पुढे आला की घाम फुटतो. हे घरात फक्त आमच्या मंडळींना ठाऊक. बाहेर मी नेहमी म्हणायचो, "मी सरकारी कचेरीची पायरी चढत नाही. मला कुणाला सलाम ठोकायला आवडत नाही." लोकांना ते बाणेदार वाटायचं. खरं कारण असं की कचेरीत गेलं की फॉर्म भरायला देतात.

हेही मी आत्ता लिहितोय, एकेक अक्षर जोडत. तेव्हा कुणी मान मुरगळली असती तरी बोललो नसतो.

वसईच्या वाडीवाल्याला बावखल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, जमिनीत मीठ कधी वर येईल नेम नाही, म्हणून जुन्या लोकांनी वाडीवाडीत मोठाली तळी खणून ठेवली. पावसाचं गोडं पाणी त्यात राहतं, त्याच्या जोरावर आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. आमच्या बावखलाला दगडी पायऱ्या होत्या. दर उन्हाळ्यात मी त्यात उतरून गाळ काढायचो. झरा कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला डोळे मिटून पायाला कळायचं, तेवढ्याच जागी चिखल गार लागायचा. बावखलाखालची जमीन शेजारच्या घराण्याची होती, ती त्यांनी एका शेठला विकली. पाणी मात्र कधी कुणी विकलं नव्हतं.

त्या बावखलाच्या पलीकडे चार मजली इमारत उभी राहिली आणि तिच्यात पहिल्या मजल्यावर चेकरबाई राहायला आली. मूळची चिपळूणकडची. नवरा गेलेला, एकच मुलगी, ती लग्न होऊन नाशिकला. गॅलरीत बसलं की खाली बावखल. तिथे बसून ती तांदूळ निवडायची आणि मला वरून ओरडायची, "नाना, तुमचा खंड्या आज दोन मासे घेऊन गेला, लिहून ठेवा!"

मी खालून म्हणायचो, "त्याला सांगा, पावती देऊन जा."

असं आमचं बोलणं.

मग एका सकाळी पहिला डंपर आला. तोडलेल्या भिंतींचे तुकडे, फरशा, माती, असला निम्मा माल त्याने डंपर मागे घेऊन धाडकन बावखलात ओतला. मी केळीत कोयता घेऊन उभा होतो. मी बघत राहिलो. चेकरबाई गाऊनवर ओढणी टाकून जिन्यावरून धावत आली आणि थेट त्या ढिगाऱ्यावर चढून उभी राहिली.

"ए, कागद दाखव! परमिशन किधर है?"

ड्रायव्हर पोरगेलासा होता. म्हणाला, "मौसी, हटो ना. सेठ का ऑर्डर है."

"ऑर्डर लेखी हवी. नाही ना? मग माल परत. भर वापस सगळा!"

"मौसी, गिरा हुआ माल वापस कैसे भरूंगा?"

"हाताने भर. मी मदत करते."

आणि खरंच तिने एक फरशीचा तुकडा उचलून त्याच्या डंपरात फेकला. ड्रायव्हर हसत सुटला. राहिलेला निम्मा माल घेऊन तो गेला. आळीतले लोक टाळ्या वाजवून घरात गेले. दुसऱ्या दिवशी तीन डंपर आले.

त्या दिवसापासून तिचे अर्ज सुरू झाले. मी तिला म्हटलं, "बाई, कचेरीत जाऊन कुणाचं भलं झालंय? चपला झिजवाल."

ती म्हणाली, "चपला पण चेक करून घेतल्यात."

कुठल्या कचेरीत ती गेली ते मी सांगत बसत नाही. या टेबलावरून त्या टेबलावर, या इमारतीतून त्या इमारतीत. परत आली की थेट माझ्या ओटीवर यायची, चहा प्यायची आणि आजची हकीकत सांगायची. आमची मंडळी हातातलं काम टाकून ऐकायला बसायची. सिरियलपेक्षा बरं, म्हणायची.

एकदा तिला लेखी उत्तर आलं. तिची तक्रार बावखलात भराव टाकल्याची. उत्तर होतं की आपल्या विभागातील भटक्या कुत्र्यांची नसबंदी करण्यात येईल. दुसऱ्या दिवशी ती ते पत्र घेऊन त्याच टेबलावर गेली. क्लार्क म्हणाला, "बाई, एकदा बाहेर पडलेलं पत्र परत घेता येत नाही."

"का? मी मागवलेला माल वेगळा, आलेला माल वेगळा. माल परत."

"अहो, हे काय दुकान आहे?"

"दुकान असतं तर बदलून दिलं असतं."

ते पत्र तिथेच ठेवून ती आली. आम्ही तिघं पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर ती म्हणाली, "नाना, कारखान्यात खोका बंद करताना आम्ही आत एक चिठ्ठी टाकायचो. चिठ्ठीवर चेकरचा नंबर. माल खराब निघाला की चिठ्ठी बघून बरोबर माझ्याकडे परत यायचा. मी शिव्या खाल्ल्यात त्यापायी, पगार पण कापलाय माझा. पण नंबर होता. इथे एकेका खोक्यावरून दहा-दहा हात फिरलेत आणि आत कुणाचा नंबरच नाही."

"मग कशाला जाता?"

"कुणीतरी नंबर टाकला पाहिजे ना? मी माझा टाकते."

शेठचा एक माणूस तिच्या दारात मिठाईचा बॉक्स घेऊन गेला होता. तिने सवयीने बॉक्सच्या कडेवरून अंगठा फिरवला, तर तळाशी पुठ्ठा जाड लागला. खाली पाकीट होतं. तिने ते उघडलंही नाही. तो बॉक्स डोक्यावर धरून ती जिना उतरली आणि गेटपाशी सगळ्यांच्या देखत त्याच्या स्कूटरवर ठेवून आली. इमारतीतल्यांना ते आवडलं नाही. शेठने त्यांना बावखलाच्या जागी गाड्यांचं पार्किंग कबूल केलं होतं. सोसायटीचा सेक्रेटरी तिला म्हणाला, "काकू, कशाला डास पाळताय? सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर आहेत."

"माझ्याकडे सायकल पण नाही," ती म्हणाली. "आणि उद्या विहीर खारट झाली की गाडी धुवायला काय मिनरल वॉटर आणणार?"

तेव्हापासून इमारतीतले लोक तिच्याशी बोलेनासे झाले.

मला ती एकदाच म्हणाली, "नाना, तुम्ही एकदा चला. तुम्ही जुने. बावखल कुणी खणलं, कधी खणलं, हे तुम्ही सांगितलंत तर ते नाही म्हणू शकणार नाहीत."

मी म्हटलं, "मला वाडीत पाणी लावायचंय."

तिने आग्रह केला नाही.

आता ती गोष्ट सांगतो. इतके दिवस मी तिच्याभोवती फिरतोय.

सहा-सात महिन्यांच्या खेट्यांनंतर जागेची पाहणी करायचा हुकूम निघाला. चेकरबाईला पत्र आलं, गुरुवारी पाहणी. तिने ते मला वाचून दाखवलं, किती खूश होती. भावाकडे कार्य होतं म्हणून ती चिपळूणला गेली, बुधवारी रात्रीपर्यंत येते म्हणून सांगून गेली. पाहणीवाले मंगळवारी सकाळीच आले.

एक साहेब, शेठचा माणूस, आणि आणखी दोघे. साहेबाने ओटीवर येऊन मला नमस्कार केला. "नाना, पंच म्हणून तुमच्यासारखा जुना, जाणता माणूस पाहिजे. नाव विचारलं तर सगळ्यांनी तुमचंच सांगितलं."

मी म्हटलं, "पाहणी गुरुवारी होती ना?"

"गुरुवारी मीटिंग लागली हो. आमचं काय, आज इथे, उद्या तिथे."

मला ते पटलं नाही. पण सगळ्यांनी माझंच नाव सांगितलं, हे मात्र पटलं. मी खुर्च्या मांडल्या. मंडळींना चहा टाकायला लावला. साहेब दहा मिनिटं बावखलाच्या काठी उभा राहिला, दोन फोटो काढले आणि माझ्या ओटीवर बसून हाताने लिहू लागला. दुसरा पंच म्हणून त्यांनी बाळूला बोलावलं. बाळूची सगळी हयात मिठागरात गेली, शाळा त्याने बाहेरूनही पाहिली नाही. त्याने मला हळूच विचारलं, "नाना, काय लिवलाय त्यानं? पानी हाय असा लिवलाय ना?"

मी म्हटलं, "लिहिलं असेल. डोळ्यासमोर आहे ते लिहिणारच."

लिहून झाल्यावर साहेबाने कागद माझ्यापुढे धरला. "वाचून घ्या नाना. जसं आहे तसं लिहिलंय."

पाच माणसं माझ्याकडे बघत होती. दोन पानं होती, दोन्ही गिचमिड अक्षरांची. मी वाचायला बसलो असतो तर अर्धा तास लागला असता, ओठ हलले असते, मध्ये अडकलो असतो. मी खिडकीतला चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवला. तो चष्मा मंडळींचा होता, तांदूळ निवडायचा. त्यातून मला कागदावर नुसत्या मुंग्या दिसल्या. तरी मी पानावरून वरपासून खालपर्यंत मान फिरवली. पान उलटलं. दुसऱ्या पानावर मध्येच थोडा थांबलो, जसं काही एखादा मुद्दा तपासतोय. मग मान हलवली.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

बाळूने अंगठा उठवला. साहेबाने माझ्यापुढेही शाई सरकवली, तेव्हा मी ती परत सारली. "मी सही करतो. पेन द्या." आणि मी सही केली. सगळं नाव, बापाचं नाव, आडनाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. बाळूच्या अंगठ्याशेजारी ती सही बघून मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना कान तापलेत माझे.

मी एक पैसाही घेतला नाही. घेतला असता तर निदान लबाड म्हणवून घेतलं असतं.

बुधवारी रात्री चेकरबाई आली. गुरुवारी दिवसभर ती नव्या साडीत गॅलरीत बसून राहिली. कोणीच आलं नाही. पाहणी होऊन गेली हे मी तिला शुक्रवारी सांगितलं. पंच मी होतो, हे नाही सांगितलं.

काही महिन्यांनी तिचा अर्ज फेटाळला गेला. का, ते कळायला तिने माहितीच्या अधिकारात कागद मागवले. ते मिळाले त्या दुपारी ती ओटीवर आली. बसली नाही. उभ्यानेच वाचू लागली.

"सदर जागेची समक्ष पाहणी केली असता तेथे बावखल अथवा कोणताही नैसर्गिक जलस्रोत आढळून आला नाही. सदर ठिकाणी पूर्वापार खोलगट खड्डा असून त्यात केवळ पावसाळ्यात पाणी साचते. पंच क्रमांक एक हे स्थानिक बागायतदार असून त्यांना सदर जागेची लहानपणापासून माहिती आहे. पंचनामा पंचांनी वाचून पाहिला, तो खरा व बरोबर आहे."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. माझ्या आजोबांनी बांधलेल्या पायऱ्या, दर उन्हाळ्यातला तो गाळ, तो गार कोपरा, सगळ्याचा खड्डा झाला होता आणि तो मी केला होता.

"साहेबांची सही म्हणजे नुसता फराटा आहे," ती म्हणाली. "सगळ्या कागदांवर फराटेच. एक तुमचीच सही तेवढी वाचता येते, नाना." मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "तुम्ही वाचून केलीत ही सही?"

आता बघा. त्या वेळी मला दोनच उत्तरं होती. एक, मला वाचता आलं नाही. दुसरं, मी वाचून सही केली. पहिल्याने मी अडाणी ठरत होतो, दुसऱ्याने विकला गेलेला. आत दाराआड मंडळी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"हो," मी म्हटलं. "वाचून केली."

तिने कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, मला सोलून काढेल. ती फक्त "बरं" म्हणाली आणि गेली.

रात्री मंडळी म्हणाली, "सांगून टाका ना तिला."

"काय सांगू?"

"चष्मा माझा होता ते."

मी ताटावरून उठलो.

त्यानंतर आळीत बोभाटा झाला. नानाने शेठकडून घेतले. कुणी म्हणे पोरीच्या नावाने घेतले, कुणी म्हणे गावाला जमीन घेतली. मी कुणाला उत्तर दिलं नाही. मान ताठ ठेवून मोगऱ्याची टोपली घेऊन बाजारात जायचो. लोक मला पैसे खाणारा समजतात हे मी सहन करू शकत होतो, याचंच मला आज नवल वाटतं.

चेकरबाई ओटीवर यायची थांबली. अर्ज मात्र थांबले नाहीत. वरच्या साहेबाकडे अपील, त्याच्या वरच्याकडे अपील. दर महिन्याच्या लोकशाही दिनाला ती पालघरला जायची. डबा घेऊन, कापडी पिशवीत कागद घेऊन. भरावही थांबला नाही. बावखलाच्या तीन बाजू गेल्या, पायऱ्या गेल्या, वर सिमेंटचे ठोकळे बसले आणि गाड्या उभ्या राहिल्या. उरला एक कोपरा, झऱ्याचा. शेठच्या माणसांनी तिथे चार वेळा माती टाकली, चारही वेळा खालून पाणी वर आलं.

मधल्या एका पावसाळ्यात आमची मंडळी डेंग्यूने आडवी झाली. तेव्हा चेकरबाई न बोलावता आली. माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरची चिठ्ठी घेतली, गोळ्यांच्या पाकिटांना रंगीत दोरे बांधले आणि भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "लाल दोरा सकाळी, निळा दोरा रात्री, पांढरा ताप आला तरच." मला वाटलं, मंडळींना वाचता येत नाही म्हणून करतेय.

गेल्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. दोन दिवस दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी गेली. इमारतीतले चारजण आले होते. मी लांब उभा होतो. पुढे व्हायची हिंमत झाली नाही.

बाराव्यानंतर तिची मुलगी माझ्या ओटीवर आली. हातात ती कापडी पिशवी. तोंडावळा आईचाच, बोलणं शहरी.

"नाना, घर आवरतेय. हे आईचे कागद. मी नाशिकला नेऊन काय करू? म्हटलं रद्दीत घालायच्या आधी तुम्हाला विचारावं."

मी विचारलं, "केस?"

"परवा तारीख आहे. शेवटचं अपील. अर्जदारच नाही म्हटल्यावर बंद करतील. मग तो कोपरा पण जाईल."

"वकील असेल ना कुणी?"

"नव्हताच. एकदा एकाला दाखवले होते कागद. तो म्हणाला, पंचाला वाचता येत नव्हतं एवढं एक लिहून द्या, पंचनामा एका दिवसात उडेल. आई म्हणाली, ते सोडून बाकी सगळं लिहा. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, आई, तुझे पाय सुजलेत, पालघरला किती हेलपाटे घालशील? एक ओळ लिही आणि मोकळी हो. तर म्हणाली, ती ओळ माझी नाही, ती नानांनी लिहायची."

मी विचारलं, "तिला कसं कळलं?"

आणि विचारलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मी कबूल करून बसलोय. सत्तर वर्षांत पहिल्यांदा, म्हणजे शाळा सुटल्यापासून.

मुलगी म्हणाली, "आई सांगायची, पंचनामा वाचत होते तेव्हा नाना कागदाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. पहिल्यांदा ऐकणारा माणूस तसा बघतो."

दारात मंडळी पदर तोंडाला लावून उभी होती.

इतकी वर्षं मी समजत होतो की ती मला चोर समजते. ती मला चोर समजत नव्हती. मी वाचल्याचं सोंग केलं आणि तिने ते सोंग स्वतःच्या पायांनी सांभाळलं. कचेरीतल्या लोकांनी तिला काय छळलं ते मी तुम्हाला चवीने सांगितलं. पण त्यांच्यावरचा तिचा भरवसा त्यांनी आधीच संपवला होता. राहिलेल्या भरवशाचा माणूस तिच्या शेजारी राहत होता, केळीला पाणी लावत होता.

मी पिशवी ठेवून घेतली. मुलीला म्हटलं, "रद्दीत नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून धुतलेला लेंगा-सदरा घातला आणि शेअर रिक्षाने स्टेशनवर आणि तिथून गाडीने पालघरच्या कचेरीत गेलो. बाहेर झाडाखाली टेबलं मांडून अर्ज टाईप करणारे बसतात. त्यातल्या एकासमोर बसलो. त्याने विचारलं, "कशाचा अर्ज, बाबा?"

"पंचनाम्यावर माझी सही आहे. ती खोटी आहे."

"दुसऱ्याने केली?"

"नाही, मीच केली. तिथे बावखल होतं, अजून आहे. मी न वाचता सही केली. मला वाचता येत नाही."

त्याने बटणं दाबली. मग मी म्हटलं, "म्हणजे येतं, पण लवकर येत नाही."

"बाबा, येतं की नाही येत? एकच काहीतरी सांगा."

"लवकर येत नाही असं लिहा. आणि लाज वाटली म्हणून वाचल्याचं खोटं सांगितलं, तेही लिहा."

"असं कुणी लिहीत नाही अर्जात."

"तुम्ही लिहा."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं. या केसमध्ये यापुढे अर्जदार म्हणून माझं नाव घ्यावं, हेही लिहिलं. कागद मशीनमधून बाहेर काढून त्याने माझ्यापुढे ठेवला, वर पेन ठेवलं, आणि खाली बोट लावून म्हणाला, "इथे सही."

मी म्हटलं, "आधी वाचतो."

माझ्यामागे सहा-सात माणसं उभी होती. मनातल्या मनात वाचायला मला जमत नाही, मोठ्याने वाचावं लागतं. मी बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ साहेबांच्या हुद्द्याची होती, ती दोनदा अडली. मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, घरी नेऊन वाचा ना." दुसरा हसला. मी थांबलो, रुमालाने मान पुसली, आणि दुसरी ओळ पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतली.